परकोटाची किल्ली कोणाकडे?

अमरावतीच्या जुन्या शहराला परकोट आहे. अंबागेट, जवाहर गेट, नागपुरी गेट ही नावे ऑटोवाल्यापासून कापडवाल्यापर्यंत सर्वांच्या तोंडी असतात; पण ही गेटे मुळात कशासाठी बांधली असे विचारले तर ‘जुनी आहेत’ यापलीकडे फारसे उत्तर मिळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, निजामाच्या अमलात, पेंढाऱ्यांच्या धास्तीने येथल्या व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी हा कोट उभारायला घेतला गेला. जुने इंग्रजी गॅझेटियर त्याचे मापही देते : उंची २० ते २६ फूट, घेर सव्वादोन मैल, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे माणूस वाकून पार होईल एवढे लहान दार. दरवाजे रात्री केव्हा लावायचे, कोणती खिडकी कोणासाठी उघडायची, हे ठरवणारा माणूस गावातलाच असे. पेंढाऱ्यांकडे किल्ली देऊन निजणारे गाव जगाच्या पाठीवर कोठे सापडायचे नाही.

आज मात्र आपण जवळजवळ तेच करतो. इंटरनेटची तार घरात शिरते तेथे भिंतीवर एक पांढरा प्लॅस्टिकचा डबा ठोकलेला असतो. त्याला राउटर म्हणतात. घरातला प्रत्येक मोबाइल, दूरदर्शन संच, मुलांचा संगणक, दारावरचा कॅमेरा या सर्वांची बाहेरच्या जगाशी होणारी ये-जा या एका डब्यातून होते. त्यालाही कोट आहे, फायरवॉल म्हणतात तो. त्यालाही खिडक्या आहेत, आणि त्या चार नसून पासष्ट हजारांवर आहेत. संगणकाच्या भाषेत त्यांना पोर्ट म्हणतात. यांतली कोणती उघडी आहे, डब्याचा पासवर्ड काय, तो शेवटचा कोणी आणि केव्हा अद्ययावत केला, हे किती घरांत ठाऊक आहे? मी ओळखीच्या बऱ्याच घरांत विचारून पाहिले. ‘कंपनीचा पोरगा लावून गेला’ हे उत्तर इतक्या वेळा मिळाले की पुढे विचारणे सोडून दिले.

माझे म्हणणे थोडक्यात असे की या दाराची किल्ली घरच्या माणसाच्या हाती असली पाहिजे, आणि ती घेणे वाटते तितके अवघड राहिलेले नाही. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले, संगणकाची पदवी माझ्याजवळ नाही. तरीही पत्त्यांच्या जोडाएवढ्या एका पाटीवरच्या संगणकाचा राउटर करून मी तो अमरावतीत माझ्या घरी चालवतो आहे, आणि दुसरा अकोल्यात धाकट्या बहिणीच्या घरी.

अकोल्याचे जावईबापू अडत्ये आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी हटकले : “भाऊ, आमच्या घरी चोरायसारखं हाय तरी काय? सरकीचे भाव त मोबाईलवरही दिसतात!” हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने दिले पाहिजे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. तो कोठून निघाला याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी पोहोचले. त्या घराच्या वायफायला कुलूपच नव्हते. कोणीतरी आसपास उभे राहून ते वापरले होते. गृहस्थाला मात्र चौकशीचा ससेमिरा सोसावा लागला. त्यानंतर दोन महिन्यांत मुंबईतूनच दुसऱ्यांच्या वायफायवरून असे आणखी ई-मेल गेले आणि २००९ साली दूरसंचार विभागाला वायफाय सुरक्षित करण्याविषयी सूचना काढाव्या लागल्या. चोराला तुमच्या घरातले काहीच नको होते, त्याला तुमचा पत्ता हवा होता. जावईबापूंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे.

दुसरे उत्तर २०१६ सालचे. मिराई नावाचा एक प्रोग्राम त्या वर्षी जगभर फिरला. त्याच्याजवळ साठेक पासवर्डांची एक यादी होती, बस्स. कारखान्यातून डबा निघतो तेव्हा त्यावर घातलेले ‘अ‍ॅडमिन’, ‘१२३४५’ असले पासवर्ड. ही यादी घेऊन तो घरोघरचे कॅमेरे, त्यांची चित्रे साठवणारे डीव्हीआर आणि राउटर यांची दारे ठोठावत गेला आणि लाखो दारे उघडली. मग ही सगळी फौज एकाच वेळी एकेका ठिकाणावर सोडण्यात आली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी तिच्या माऱ्याखाली डिन या कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत तासन्‌तास बंद पडल्या. मूळ प्रोग्राम लिहिणारे तिघे जण विशी-बाविशीतले तरुण होते. २०१७ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. आणि ज्यांच्या घरचे कॅमेरे या लढाईत शिपाई म्हणून राबले, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

हे दूर अमेरिकेतले झाले म्हणावे, तर जुलै २०१७ मध्ये आपल्याच बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एकाएकी मुके झाले. कारण तेच. मोडेमवरचा मूळ पासवर्ड कोणी बदललेला नव्हता, आणि हल्ला करणाऱ्या प्रोग्रामला तो पाठ होता. कंपनीने ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले. ते किती जणांनी मानले असेल याचा अंदाज वाचकांनी आपल्या घरच्या डब्याकडे पाहून करावा.

आता अकोल्याकडे येतो. जावईबापूंच्या अडतीवर चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर आहे. हंगामात गाड्या रात्री-बेरात्री लागतात, तेव्हा घरबसल्या मोबाइलवर आवार दिसावे म्हणून बसवणाऱ्याने राउटरमध्ये एक खिडकी कायमची उघडी करून ठेवली होती. डीव्हीआरचा पासवर्ड कारखान्यातला तोच. म्हणजे ज्या खिडकीतून मालक आत बघतो, त्याच खिडकीतून अख्खे जग आत बघू शकत होते. बाजारात कोणत्या दिवशी माल उतरला, तिजोरीच्या खोलीत कोण कधी जाते, हे बघायला चोराला अकोल्याला यायचीही गरज नव्हती. हे मी त्यांना त्यांच्याच मोबाइलवर, बाहेरच्या जोडणीवरून, दाखवले. त्यानंतर सरकीच्या भावाचा विषय निघाला नाही. (केंद्र सरकारने २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी अधिसूचित केल्या हे बरेच झाले, पण आधीच भिंतीवर चढलेल्या कॅमेऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.)

मग उपाय काय? मी निवडलेला उपाय दोन वस्तूंचा आहे, आणि दोहोंची कहाणी ऐकण्यासारखी आहे. पहिली वस्तू रास्पबेरी पाय. मुलांना स्वस्तात संगणक शिकता यावा म्हणून इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो बाजारात आणला. सुरुवातीची किंमत ३५ डॉलर. त्याची चौथी आवृत्ती जून २०१९ ची. तिच्यात जलद नेटवर्कची एक खरी जोडणी आणि जलद यूएसबी आहे, त्यामुळे घरगुती राउटर म्हणून ती पुरून उरते. किमती मेमरीच्या भावाबरोबर वर-खाली होतात, तेव्हा विचारपूस करूनच घ्यावी.

दुसरी वस्तू म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटर चालवणारी मुक्त प्रणाली. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीने एक निळा-काळा राउटर काढला. जिज्ञासू लोकांनी तो तपासला तेव्हा आत लिनक्स निघाले. लिनक्स फुकट वापरता येते, पण त्याच्या परवान्याची अट अशी की ते घालून वस्तू विकलीत तर आतला मजकूरही खुला करा. कंपनीला तो खुला करावा लागला, आणि त्यावरून २००४ मध्ये ही प्रणाली सुरू झाली. आज जगभरची माणसे ती सांभाळतात, दोष सापडला की दुरुस्ती काढतात. कंपनीने विकलेला डबा तीन-चार वर्षांत अनाथ होतो. ही प्रणाली वीस वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

जोडणी करताना जे अडले ते सांगतो, कारण तेवढेच उपयोगाचे आहे. रास्पबेरी पायला नेटवर्कची जोडणी एकच. राउटरला दोन लागतात, एक बाहेरची आणि एक घरातली. दुसरी यूएसबीवर लावायची. मात्र तिचा ड्रायव्हर प्रणालीची प्रत तयार करतानाच आत घालून घ्यावा. नाहीतर ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा, असे चक्र होऊन बसते. ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर अशी प्रत आपल्या निवडीनुसार करून मिळते. ती मेमरी कार्डावर उतरवायची, कार्ड पाटीत घालायचे आणि वीज द्यायची. मग संगणकावरून १९२.१६८.१.१ या पत्त्यावर गेले की त्याचे पान उघडते. आरंभी पासवर्ड नसतो. तो लांबलचक घालणे हे पहिले काम. बाहेरची तार त्यानंतर लावावी.

येथे एक गंमत होते. कंपनीच्या डब्याचा पत्ताही बहुधा तोच असतो. एका गल्लीत दोन घरांना एकच क्रमांक दिला तर पोस्टमन गोंधळणारच. म्हणून आपल्या डब्याचा पत्ता बदलून घ्यायचा, मी १९२.१६८.५.१ असा ठेवला. कंपनीला सांगून त्यांचा डबा ‘ब्रिज’ करून घेतला, म्हणजे नुसती तार पुढे पोचवणारा केला, तर उत्तमच. काही कंपन्या एका फोनवर करून देतात, काही टोलवतात. टोलवले तरी बिघडत नाही. कोटाच्या आत आपला दुसरा कोट होतो एवढेच.

कोटाचे नियम या प्रणालीत मुळातच शहाणपणाचे असतात. आतून बाहेर जायला मुभा, बाहेरून न बोलावता येणाऱ्याला मज्जाव. त्यात मी दोन भर घातल्या. पहिली म्हणजे घरात वेगवेगळ्या गल्ल्या पाडल्या. घरच्यांच्या मोबाइल-संगणकांची एक, पाहुण्यांची दुसरी, आणि दूरदर्शन संच, कॅमेरे, असल्या ‘हुशार’ वस्तूंची तिसरी. तिसऱ्या गल्लीतून पहिलीत पाऊल टाकता येत नाही. एखादा कॅमेरा फितूर झाला तरी बहिणीच्या बँकेच्या व्यवहारापर्यंत त्याचा हात पोचू नये, हा हेतू. पायचे स्वतःचे वायफाय अशक्त आहे, म्हणून त्यासाठी घरातला जुना राउटर वापरला; गल्ल्यांची विभागणी त्याला कळावी म्हणून त्याच्यावरही हीच प्रणाली चढवली. ज्या जुन्या राउटरवर ती चढत नाही, त्याचा नाद सोडावा.

दुसरी भर अकोला आणि अमरावती या दोन घरांमधला बोगदा. वायरगार्ड नावाची व्यवस्था मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आलेली आहे. हल्ली बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून आपले घर शोधता येत नाही. म्हणून अमरावतीला मी महिन्याला थोडे जास्त पैसे देऊन कायमचा पत्ता घेतला आणि अकोल्याच्या डब्याने आतून अमरावतीला हाक मारायची असे ठरवले. आता जावईबापू मोबाइलवरून आवार पाहतात ते या बोगद्यातून, आणि डीव्हीआरची ती उघडी खिडकी कायमची बुजवली आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तासांत डांबरून जागतिक विक्रम झाला होता. आमच्या बोगद्याला दोन रविवार लागले. विक्रमाची नोंद झाली नाही.

वऱ्हाडचे म्हणून दोन शत्रू आहेत, ऊन आणि वीज. अकोल्याचा मे महिना वेगळा सांगायला नको. पायचे पोट ऐंशी अंशांवर तापले की तो आपणहून मंद होतो. म्हणून प्लॅस्टिकच्या शोभिवंत डबीऐवजी उष्णता ओढून घेणारी धातूची डबी घ्यावी, आणि तो माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नये. वीज अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडते असा सर्वसाधारण अनुभव. त्यावर तोड अशी की प्रणालीचा स्क्वॅशएफएस हा प्रकार घ्यावा. त्यात मूळ प्रणाली केवळ वाचायची असते, तिच्यावर लिहिले जात नाही, त्यामुळे ती झटके पचवते. पायला वीज अगदी थोडी लागते. एक छोटी बॅटरी लावली की वीज गेली तरी घरातले इंटरनेट चालू राहते. घरातल्या सुनांना आणि नातवांना माझ्या या उद्योगाचे खरे महत्त्व पटले ते या एका गोष्टीमुळे, सुरक्षेमुळे नव्हे, हेही नमूद केले पाहिजे.

अमरावतीच्या डब्यात मी एके दिवशी नाकारलेल्या प्रत्येक हाकेची नोंद ठेवायला सांगितले. चहा होईपर्यंत पडद्यावरून नोंदी सरकत राहिल्या. मिराई ज्या तेवीस क्रमांकाच्या खिडकीतून शिरत असे, ती अजूनही कोणी ना कोणी ठोठावतच असतो.

या डब्याला जे जमत नाही तेही सांगतो. ‘डिजिटल अटक’ म्हणून व्हिडिओवर खाकी गणवेश दाखवणाऱ्या भामट्याला तो अडवत नाही. फोनवर ओटीपी सांगणाऱ्या माणसाचे पैसे तो वाचवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिकेची फाइल कोणी स्वतःच्या हाताने मोबाइलवर बसवली तर तो काय करणार? आणि दर काही महिन्यांनी अद्ययावत केला नाही, तर हा डबाही कंपनीच्या डब्याइतकाच जुनाट होतो. त्यामुळे ज्याला हे काम महिन्याकाठी अर्धा तास करायचे नसेल, त्याने पायच्या नादी न लागता मिळालेल्या डब्याचा पासवर्ड बदलावा, बाहेरून शिरण्याची सोय बंद करावी, कॅमेऱ्यांसाठी उघडलेल्या खिडक्या लावून घ्याव्यात. एवढ्याने निम्मे काम होते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की सामान्य माणसाने हे का करावे, कंपनीने करावे. कंपनीने करावे हे खरेच. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सहज ओळखता येणाऱ्या पासवर्डासह असली यंत्रे विकण्यावर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे तसे व्हायला हरकत नाही. पण कंपनीच्या हाती किल्ली असण्याचा धोका वेगळा आहे. दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून कंपन्या ग्राहकाच्या डब्यात शिरण्याचा एक मार्ग ठेवतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत याच मार्गावर मिराईच्या एका भावंडाने धडक दिली आणि डॉइच टेलिकॉमचे सुमारे नऊ लाख ग्राहक एका झटक्यात खोळंबले. त्याच जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून आपला राउटर आपण निवडण्याचा हक्क ग्राहकाला कायद्याने आहे. कंपनी आपलाच डबा लादू शकत नाही. मला हा हक्क येथे हवा आहे. ब्रिज करून मागितला तर तो मेहरबानीने मिळू नये, अर्जावर ठरल्या मुदतीत मिळावा.

वऱ्हाडी माणसाला मालकीचा हा मुद्दा परका वाटू नये. अमरावतीहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूर लागते. तेथून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी शकुंतला आपल्याच कापसासाठी टाकलेली. रान आपले, कापूस आपला, प्रवासी आपले. रूळ मात्र विलायती कंपनीचे, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे त्यांचा मोबदला रेल्वे देत राहिली. तिच्यावर प्रेम सगळ्यांनी केले, सुधारणा मात्र मालकी कोणाची या प्रश्नापाशी येऊन अडत गेली.

प्रत्येक घरात एक तंत्रज्ञ असावा असे मी म्हणत नाही. प्रत्येक गल्लीत एक असावा. विहिरीवरची मोटार बिघडली की कोणाला हाक मारायची हे जसे सगळ्यांना ठाऊक असते, तसे. आणि ती माणसे घडवायला आपल्याकडे जागा आहेत. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे, बडनेऱ्याचे १९८३ पासून. अमरावती-अकोल्यात तंत्रनिकेतने आहेत. संगणक शाखेच्या मुलांकडून वर्षाअखेरी प्रकल्प म्हणून जे बांधीव कागद भरून घेतले जातात, त्यांतले किती पुन्हा कोणी उघडले असतील? त्याऐवजी प्रत्येक मुलाने आपल्या किंवा शेजारच्या घरी एक असा राउटर बसवावा आणि वर्षभर सांभाळावा. शेजारी अडत्या असेल, शिक्षिका असेल, निवृत्त तलाठी असेल. त्यांना तो समजावून सांगणे हाही अभ्यासच. मे महिन्याच्या परीक्षेत परीक्षकाने त्या घरी जावे, डबा अद्ययावत आहे का ते पाहावे, कोणती खिडकी उघडी आहे आणि ती का उघडी ठेवली एवढे विचारावे, आणि गुण द्यावेत.